कुमुदताईंचा पत्र्याचा आवाज

करंजाड्यात आमच्या मजल्यावर समोरासमोर दोन दारं आहेत. एक माझं, एक सबनिसांचं. कुमुदताई सबनीस बासष्ट वर्षांच्या. पनवेलच्या एका बँकेत त्या तीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होत्या आणि दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या. त्यांचे यजमान विनायकराव रेल्वेत अनाउन्सर होते. दोघांनाही जन्मापासून दिसत नाही. हे मी पाचव्या-सहाव्या वाक्यात सांगितलं हे त्यांना कळलं, तर त्या म्हणतील, "बघ, तूही तिथूनच सुरुवात केलीस." पण जे घडलं ते त्याशिवाय सांगताच येत नाही, म्हणून सांगितलं.

त्या स्वतःची ओळख करून देताना म्हणतात, "मला सी येतं." सी म्हणजे कॉम्प्युटरची एक जुनी भाषा. शहाण्णव साली एसटी स्टँडजवळच्या एका क्लासमध्ये त्या ती शिकल्या. क्लासवाल्यांनी आधी "तुम्हाला नाही जमणार" म्हणून परत पाठवलं होतं. मग बँकेतली एक मैत्रीण संध्याकाळी पुस्तक वाचून कॅसेट भरायची, कुमुदताई ती ऐकायच्या आणि रविवारी क्लासच्या मशीनवर टाईप करायच्या. पुढे त्यांनी बँकेतल्या सगळ्या एक्स्टेन्शन नंबरांचा एक छोटा प्रोग्राम लिहिला. तो हेड ऑफिसकडून आलाय असं मॅनेजर दोन वर्षं समजत होते. ही गोष्ट सांगताना त्या अजूनही चिडतात.

या जानेवारीत त्यांचा जुना लॅपटॉप बंद पडला. उरण नाक्याला मुबारकचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, तिथे मीच त्यांना घेऊन गेले. मुबारक त्यांना फार वर्षांपासून ओळखतो. त्याने मशीन उघडलं, पाहिलं आणि सांगितलं की आता यात जीव नाही. नवीन घ्यावं लागेल.

"घेऊ. पण त्यात माझा आवाज पाहिजे," कुमुदताई म्हणाल्या.

त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये पडद्यावरचं वाचून दाखवणारा एक प्रोग्राम असतो. तो वाचतो कुठल्या आवाजात, हे आपण ठरवायचं. कुमुदताईंचा आवाज वीस वर्षांपूर्वीचा होता. पुण्याच्या कुणा धर्मराज नावाच्या इंजिनियरने तो तयार करून सीडीवर फुकट वाटला होता. ऐकायला अगदी पत्र्याच्या डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा. ना चढ, ना उतार. मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं, काहीतरी बिघडलंय.

"मॅडम, नवीन मशीनमध्ये मराठी आवाज आतच येतो," मुबारक म्हणाला. "एकदम माणसासारखा. तुम्ही ऐका तर."

ऐकला. खरंच माणसासारखा होता, एखाद्या बातम्या देणाऱ्या बाईचा वाटावा असा. मला आवडला. कुमुदताईंनी वेग वाढवायला सांगितला. मुबारकने वाढवला. अजून वाढवा. अजून. त्या वेगाला मला काहीच कळेना, पण कुमुदताई मान कलती करून ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "ही बाई शेवटचं अक्षर गिळते. 'येणार नाही' म्हणते की 'येणार' म्हणते, कळत नाही."

"मग थोडा हळू लावा ना."

"हळू मला ऐकता येत नाही, मुबारक. तू एकेक अक्षराखाली बोट धरून वाचतोस का?"

त्याने जुना आवाज नव्या मशीनवर घालून पाहिला. नवा वाचक-प्रोग्राम तो घेईना. मुबारकने सांगितलं की जुना बत्तीस बिटवाला आहे, नवीन सगळं चौसष्ट बिटवालं आहे, आता ते होणार नाही. मॅडमनी सवय करून घ्यावी.

सवय करून घ्या, हे शब्द त्या दोन महिन्यांत मी इतक्या लोकांच्या तोंडून ऐकले की शेवटी मलाच त्यांचा राग यायला लागला. कुमुदताईंच्या भावाने सांगितलं, बँकेतल्या जुन्या सहकाऱ्याने सांगितलं, वाचक-प्रोग्रामवाल्यांना त्यांनी ईमेल केली तर तिकडूनही नम्र शब्दांत तेच आलं. आणि सगळ्यांत मोठा घोळ घरातच झाला. विनायकरावांना नवा आवाज आवडला.

"छान बोलते की," ते म्हणाले. "श्वास घेते मधे. अनाउन्समेंटला असाच आवाज पाहिजे."

"तुम्ही त्यावर व्हॉट्सअॅप ऐकता. मी प्रोग्राम लिहिते. ही बाई सेमीकोलन आला की थांबून 'अर्धविराम' म्हणते, पाच अक्षरं. एका पानावर साठ सेमीकोलन असतात. माझं डोकं उठतं."

"मग नको लिहूस प्रोग्राम काही दिवस."

दुसऱ्या दिवशी सकाळी कुमुदताईंनी माझं दार वाजवलं आणि विचारलं, "चारुता, तुझी कॉलेजला सुट्टी कधी असते?" मी खारघरच्या एका कॉलेजात मराठी शिकवते. म्हटलं, शनिवार-रविवार. "मग दोन शनिवार दे मला. मशीन मेलं की पडद्यावर काय येतं तेवढं वाचायचं."

दोनाचे अकरा शनिवार झाले.

त्या काय करणार आहेत हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी समजावून सांगितलं, आणि मला जेवढं कळलं तेवढं असं. जुना आवाज म्हणजे एक लायब्ररी, म्हणजे फंक्शनांची, एकेक काम करणाऱ्या कोडच्या तुकड्यांची, बंद पेटी. नवा प्रोग्राम ती पेटी स्वतःच्या घरात घेत नाही. तर मग आपण सीमध्ये मधला एक छोटा प्रोग्राम लिहायचा, जुन्या पद्धतीचा, जो पेटीला चालेल. नवा प्रोग्राम याला मजकूर देईल, हा पेटी उघडेल, आतल्या फंक्शनला नावाने हाक मारेल, हाकेला उत्तर म्हणून त्या फंक्शनचा पत्ता मिळेल, आणि त्या पत्त्यावर जाऊन हा सांगेल, हे वाक्य बोल.

"मग सोपं आहे," मी म्हटलं.

"सोपंच आहे. फक्त आत कोण कोण राहतं आणि कुणाला काय द्यायचं, तो कागद हरवलाय. सीडीबरोबर होता. दोन हजार पाचच्या पुरात गेला."

पेटी मुळात हाताशी होती हेही नशीबच. मुबारकने जुन्या लॅपटॉपची डिस्क काढून भंगारच्या खोक्यात टाकली होती. कुमुदताईंनी फोन करून मागवली तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, पंधरा मिनिटं थांबा, शोधतो." पंधरा मिनिटांचे तीन दिवस झाले. पण मिळाली.

पहिल्या शनिवारी प्रोग्राम चालवला तर पेटी उघडलीच नाही. फक्त एक आकडा आला, एकशे त्र्याण्णव. कुमुदताईंनी कपाळावर हात मारला. प्रोग्राम बत्तीसवाला करायचा होता आणि चुकून चौसष्टवाला झाला होता. तो बदलला. मग आला एकशे सव्वीस.

"एकशे सव्वीस म्हणजे काय?"

"फाईल सापडत नाही."

"पण फाईल तर आहे. मला इथे दिसतेय."

"मला माहीत आहे ती आहे."

तो एकशे सव्वीस आम्हाला तीन आठवडे पुरला. कुमुदताईंनी फाईलची जागा बदलली, नाव बदललं, पूर्ण पत्ता लिहून दिला. दर वेळी मशीन तेच सांगायचं. तिसऱ्या आठवड्यात त्यांना कळलं की आमची फाईल सापडत होती. पण त्या फाईलला आत आणखी एक दुसरी जुनी फाईल लागत होती आणि ती नव्या मशीनवर नव्हती. म्हणजे निरोप खरा होता, फक्त कोण सापडत नाही हे सांगायचं त्याने टाळलं होतं.

"एवढं नाव सांगायला काय झालं होतं?" कुमुदताई म्हणाल्या. "बँकेत मी कुणाला 'माणूस जागेवर नाही' असं सांगितलं असतं आणि कुठला माणूस ते सांगितलं नसतं, तर मला नोकरीवरून काढलं असतं."

दुसरी फाईल जुन्या डिस्कवर मिळाली. पेटी उघडली. आता फंक्शनला हाक मारायची. त्यांना नाव आठवत होतं, 'बोल'. त्यांनी प्रोग्राममध्ये तसंच लिहिलं. उत्तर आलं, एकशे सत्तावीस. या नावाचं इथे कोणी नाही.

त्या दिवशी त्या उठल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आवरायला लागल्या. विनायकराव बाहेरच्या खोलीत होते. त्यांनी मला हळूच विचारलं, "अजून किती दिवस?" मी म्हटलं, माहीत नाही. ते म्हणाले, "हट्ट आहे नुसता." आतून भांड्यांचा आवाज थांबला, मग पुन्हा सुरू झाला.

आठवड्याभरात त्यांनी पेटीतल्या सगळ्या नावांची यादी काढली. 'बोल' तिथे होतं, पण कागदोपत्री त्याचं नाव वेगळं होतं. पुढे एक आडवी रेघ आणि मागे ईमेलमधल्या अॅटच्या खुणेनंतर बारा. ते अॅट बारा ऐकून त्यांचा चेहरा उजळला. त्या खुणेवरून दोन गोष्टी कळत होत्या. एक, या फंक्शनला जुन्या एका विशिष्ट पद्धतीने बोलवायचं. आणि दोन, त्याला तीन गोष्टी द्यायच्या, कारण बारा म्हणजे चार-चार बाइटच्या तीन. एक मजकूर, दुसरा वेग, आणि तिसरी काय ते कोणालाच माहीत नव्हतं.

"धर्मराजांना विचारू या," मी म्हटलं.

पुण्यात धर्मराज ज्या कंपनीत होते ती कधीच बंद झाली होती. कुमुदताईंनी अंध मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारलं, तिथून कुणी, मग आणखी कुणी, असं करत नंबर मिळाला. माणूस खारघरलाच राहत होता, मी शिकवते त्या कॉलेजपासून दहा मिनिटांवर. कुमुदताईंनी फोन स्पीकरवर टाकला.

"हॅलो," पलीकडून आवाज आला. "कोण बोलतंय?"

कुमुदताईंनी एकदम फोनवर हात ठेवला. मला काही कळलं नाही. त्यांनी माझ्याकडे तोंड वळवून हळू आवाजात सांगितलं, "हा तोच आहे."

तेव्हा मलाही ऐकू आलं. तोच आवाज होता, पत्र्याच्या डब्यातून काढलेला. धर्मराजांनी तेव्हा स्वतःचाच आवाज तुकड्यातुकड्यांनी भरला होता, कारण दुसरं कुणी फुकट बसायला तयार नव्हतं. हे त्यांनीच नंतर सांगितलं. वीस वर्षं रोज आठ-दहा तास कुमुदताई या माणसाला ऐकत होत्या आणि त्यांना ते माहीत नव्हतं.

पण डब्यातला धर्मराज कधी अडखळत नसे. फोनवरचे धर्मराज म्हणाले, "अं... तिसरं आर्ग्युमेंट ना. थांबा हं. बहुतेक... बहुतेक शून्य द्यायचं. हो, शून्य द्या."

"कागदपत्र काही असतील का? मूळ कोड?"

"नाही हो. घर बदललं तेव्हा सगळं टाकलं. पण मी काय म्हणतो, आता नवे आवाज इतके चांगले आलेत, तुम्ही कशाला..."

"धन्यवाद," कुमुदताईंनी म्हटलं आणि फोन ठेवला.

शून्य दिलं. प्रोग्राम चालवला. काहीच झालं नाही. आवाज नाही, आकडाही नाही, आणि नवी बाईसुद्धा बोलायची बंद. मी पडद्यावर पाहिलं तर आमचा प्रोग्राम कोसळला होता आणि चौकट आली होती की काहीतरी चुकलं. काय, ते नव्हतं.

हे त्यांच्यासाठी काय असतं ते मी त्या दिवशी पाहिलं. माझा कॉम्प्युटर अडकला तर मला अडकलेला पडदा तरी दिसतो. त्यांच्यापुढे नुसती शांतता. त्या बोटांनी एकेक कळ दाबत राहिल्या आणि मला विचारत राहिल्या, "काही आहे का? आता? आता काही आहे का?"

नऊ दिवस त्यांनी स्वतःच्या कोडमध्ये चूक शोधली. बोलवण्याची पद्धत तपासली, मजकूर तपासला, ओळ न् ओळ त्या शेवटचं अक्षर गिळणाऱ्या बाईकडून वाचून घेतली. दहाव्या दिवशी त्यांनी धर्मराजांना पुन्हा फोन लावला.

"शून्य दिलं की मरतंय," त्या म्हणाल्या.

"असं? अं... तुमच्याकडे पहिली सीडी आहे की दुसरी?"

"पहिली."

"मग शून्य नाही चालणार. शून्य दुसऱ्या आवृत्तीत. पहिल्यात तुम्ही मेमरीत छोटीशी जागा द्यायची, कितीपर्यंत बोलून झालं ते फंक्शन तिथे लिहितं. जागा नसेल तर कुठे लिहिणार?"

"हे तुम्ही गेल्या वेळी सांगितलं नाहीत."

"तुम्ही सीडी कुठली ते सांगितलं नाहीत."

अतिशय हळू आवाजात, ऑपरेटरच्या खुर्चीतल्या सुरात, कुमुदताई म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं. आभारी आहे." फोन ठेवल्यावर मात्र त्या जे बोलल्या ते मी लिहीत नाही.

जागा दिली. मार्चचा शेवटचा शनिवार होता, सकाळचे अकरा वाजले असतील. आवाज आला. डब्यातला धर्मराज बोलला, पण काय बोलला ते कुठल्याच भाषेतलं नव्हतं. 'क्यघ क्यघ ढम' असं काहीतरी. बाहेरून विनायकराव म्हणाले, "हे त्यापेक्षा बरं आहे का?"

मला हसू आलं. कुमुदताईंना आलं नाही. पण त्यांचा राग आता वेगळा होता, काम समोर दिसत असलेल्या माणसाचा. जुन्या लायब्ररीच्या काळी मराठी अक्षरं कॉम्प्युटरमध्ये वेगळ्या आकड्यांनी ठेवत, आताचे आकडे वेगळे. म्हणजे प्रत्येक अक्षर नव्या आकड्यातून जुन्या आकड्यात उतरवायचं. त्यांनी तक्ता केला. चार दिवसांत धर्मराज मराठी बोलायला लागला.

फक्त काही शब्द मोडत होते. 'दुसऱ्या'चं 'दुसया', 'वाऱ्यावर'चं 'वायावर'. त्यांनी तक्ता तीनदा तपासला.

"र आहे माझ्या तक्त्यात," त्या म्हणाल्या. "र दिलाय मी. 'दर्या' नीट बोलतो, 'दऱ्या' म्हटलं की र खातो. दोन्हीत तोच र आहे."

त्या अकरा शनिवारांत मला पहिल्यांदाच काही माहीत असण्याची वेळ आली. मी म्हटलं, "तोच र नाही, कुमुदताई. 'दऱ्या'तला र कॉम्प्युटरमध्ये वेगळा असतो, खाली टिंब असलेला."

"कुणी सांगितलं?"

"लिहिताना दिसतो. म्हणजे छापताना टिंब जाऊन आडवी रेघ येते, पण टाईप करताना तो वेगळा घ्यावा लागतो."

ब्रेलमध्ये वाढलेल्या माणसाला कुणी हे टिंब सांगणार कधी? "दिसतो," त्या म्हणाल्या. "म्हणजे हे सगळ्यांना माहीत होतं आणि मला नाही." मग तक्त्यात एक ओळ वाढवली आणि मला म्हणाल्या, "असले शब्द असतील तेवढे दे." मी पन्नास-साठ लिहून दिले. धर्मराजने ते सगळे धडाधड वाचले. पुऱ्या, झऱ्यात, कोऱ्या, तऱ्हा, बिऱ्हाड. कुमुदताईंनी वेग वाढवत नेला, मला शब्द कळेनासे झाले, आणि त्या खुर्चीला मागे टेकून ऐकत बसल्या. किती तरी वेळ. मी चहा केला, तो निवला.

"'नाही' स्पष्ट येतंय," एवढंच बोलल्या.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण त्यांनी तो प्रोग्राम ग्रुपवर टाकला. सोबत आठ ओळींच्या सूचना होत्या, त्या कुणी वाचल्या नाहीत. पहिल्या आठवड्यात सोळा फोन आले. कुणी फाईल चुकीच्या जागी ठेवली होती, कुणाच्या अँटिव्हायरसने ती परस्पर काढून टाकली होती, आणि तिघांना एकशे सव्वीस आला होता. एकाने विचारलं, बाईचा आवाज नाही का? धर्मराजांनीही मेसेज केला की मला पण पाठवा, माझ्याकडे काहीच उरलेलं नाही. कुमुदताईंनी पाठवला. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला की चालत नाहीये. त्यांनी प्रोग्राममध्ये स्वतः बदल करून तिसऱ्या जागी शून्य दिलं होतं.

परवा मी गेले तेव्हा उरणहून अल्फियाचा फोन चालू होता. ती बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तिलाही दिसत नाही.

"मॅडम, हा आवाज मोबाईलवर नाही का चालणार? माझ्याकडे लॅपटॉप नाही."

"नाही, बाळ. मोबाईलचं सगळंच वेगळं असतं. तिथे ही पेटीच उघडत नाही."

"पण नवा आवाज फास्ट केला की मला काही समजत नाही. परीक्षा आहे."

"अक्षरं गिळते ना ती?"

"हो, शेवटची."

विनायकराव सोफ्यावर होते. ते मोठ्याने म्हणाले, "कुमुद, तिला सांग सवय करून घे."

कुमुदताईंनी तिकडे लक्ष दिलं नाही. त्यांनी अल्फियाला फोनचं मॉडेल विचारलं, तिने सांगितलं, त्यांनी ते ब्रेल पाटीवर टोचून घेतलं. "आज ना उद्या होईल असं मी म्हणत नाही," त्या म्हणाल्या. "धर्मराजांकडे मूळ कोड नाही, आणि ते आठवून जे सांगतात ते खरं नसतं. पण तुझी परीक्षा कधी आहे?"

"एकोणीस तारखेला."

"मग आधी तुला पुस्तकं याच आवाजात भरून पाठवते. कुठली आहेत त्यांची नावं सांग. हळू सांग."

अल्फिया नावं सांगायला लागली. त्या टोचत राहिल्या, आणि मधेच मान माझ्याकडे वळवून म्हणाल्या, "चारुता, शनिवारी आहेस ना?"